झुळझुळ हवी, ओल नको!

पाटी-पेन्सिल घेऊन अक्षरे गिरवलेल्या पिढीला स्लेट या दगडाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. लाकडी चौकटीतली ती काळी पाटी म्हणजेच स्लेट. ओल्या फडक्याने पुसली की क्षणभर ती किती गडद आणि तुकतुकीत दिसे! हाच गुण हेरून सजावटकारांनी या दगडावरून पाणी खेळवायला सुरुवात केली. हॉटेलांच्या आणि कार्यालयांच्या दर्शनी दालनात दिसणारी ती ओली, काळसर भिंत आता मध्यमवर्गीय फ्लॅटच्या दिवाणखान्यातही येऊ लागली आहे.

कल्पना तशी नवी नाही. काश्मीरमधल्या मोगल बागांत उतरत्या, कोरीव दगडावरून पाणी सोडलेले असते. त्याला ‘चादर’ म्हणतात. दगड मुद्दाम खडबडीत कोरलेला असल्यामुळे पाण्याचा पडदा जागोजागी मोडतो, चमकतो आणि आवाज करतो. घरातल्या स्लेटच्या कारंज्याचे तत्त्वही हेच. फरक एवढाच, की तिथे पाणी डोंगरातून येते आणि पुढे निघून जाते. घरात मात्र तेच वीस-पंचवीस लिटर पाणी एक छोटा पंप पुन्हापुन्हा वर चढवत असतो. कारंज्याचे सगळे फायदे आणि सगळ्या कटकटी या एका फरकातून येतात.

भिंतीवरचे चित्र आवडले नाही तर खिळ्यावरून उतरवता येते. कारंजे तसे उतरवता येत नाही. चुकीच्या जागी बसले तर ते भिंतीला ओल देते, शेजाऱ्याशी वाद लावते, डासांना आसरा देते आणि वायरिंग कच्चे असेल तर जिवावरही बेतते. म्हणूनच दुकानात जाऊन आधी दगड पसंत करणे ही उलटी रीत झाली. आधी भिंत, मग पाणी, मग वीज आणि सर्वांत शेवटी दगड, हाच खरा क्रम.

भिंत वजन पेलेल का?

वजनाचा हिशेब घरच्या घरी करता येतो. स्लेट पाण्याच्या पावणेतीन पट जड असते. म्हणजे ६० सेंटिमीटर रुंद, १२० सेंटिमीटर उंच आणि १ सेंटिमीटर जाड फरशीचे वजन सुमारे २० किलो भरते. त्यात कुंडातले २० लिटर पाणी म्हणजे आणखी २० किलो. चौकट, कुंड, गोटे, पंप मिळून हा आकडा सहज ५० किलोच्या पुढे जातो. नऊ इंची विटांच्या भिंतीला हे फारसे जड नाही. पण नव्या इमारतींत खोल्यांमधल्या भिंती बहुधा साडेचार इंची किंवा पोकळ ब्लॉकच्या असतात आणि काही ठिकाणी तर नुसत्या जिप्सम बोर्डाच्या. अशा भिंतीवर सगळा भार खिळे-बोल्टवर टांगणे धोक्याचे आहे.

त्यावर सोपा उपाय असा, की कुंड जमिनीवर विटांच्या ओट्यावर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवावे आणि दगडाचा भार त्याच्यावरच येऊ द्यावा. भिंतीने फक्त आधार द्यायचा, भार उचलायचा नाही. दुसरा मार्ग स्लेटच्या व्हिनियरचा. खऱ्या स्लेटचा जेमतेम दोन मिलिमीटरचा पापुद्रा फायबरच्या पत्र्यावर चिकटवलेला असतो. दिसायला अस्सल, वजनाला हलका. भाड्याच्या घरात आणि हलक्या भिंतीवर हाच बरा.

भिंत निवडताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. भिंतीच्या पलीकडे कोणाची झोपायची खोली आहे का? पंपाची गुणगुण दिवसा जाणवत नाही, रात्री मात्र भिंतीतून ऐकू येते. भिंतीत पाण्याचे किंवा विजेचे पाइप दडलेले आहेत का? ड्रिल चालवण्यापूर्वी इमारतीच्या वायरमनला आणि प्लंबरला विचारलेले चांगले. आणि बाहेर काढलेल्या बाल्कनीत बसवायचे असेल तर सोसायटीची परवानगी आणि जाणकार इंजिनिअरचा सल्ला घेतल्याशिवाय हात घालू नये.

ओल वाटेतच अडवावी

बहुतेक तक्रारी ओलीच्याच असतात. सुरुवातीचे काही महिने सारे छान चालते, मग कारंज्याच्या कडेने रंगाचे पोपडे सुटू लागतात, भिंतीला लोणा लागतो. दोष दगडाचा नसतो. दगडामागे गेलेले पाणी तिथेच साचून राहते.

म्हणून दगड थेट गिलाव्यावर चिकटवू नये. मागे सिमेंटचा बोर्ड किंवा न गंजणारी चौकट असावी आणि तिच्या व भिंतीच्या मध्ये दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवावी. हवा खेळती राहिली की ओल धरत नाही. भिंतीतच कायमचे बांधून घ्यायचे असेल तर दगड लावण्यापूर्वी भिंत आणि कुंड यांना वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यावेत. कुंड काठोकाठ भरून दोन दिवस तसेच ठेवावे. पाण्याची पातळी भराभर खाली गेली किंवा खालच्या बाजूला दमटपणा दिसला तर तो दोष तेव्हाच दुरुस्त होतो. एकदा दगड बसला की तीच दुरुस्ती म्हणजे सगळी तोडफोड. गवंडी घाईत असतो आणि घरच्यांनाही कारंजे सुरू झालेले पाहायची उत्सुकता असते. पण हे दोन दिवस कोणीही वाचवू नयेत.

हवामानाचाही विचार हवा. मुंबई, कोकण, गोवा या किनाऱ्यालगतच्या भागात पावसाळ्यात हवा आधीच दमट असते. बंद खोलीत कारंजे दिवसभर चालवले तर कपाटातल्या कपड्यांना आणि पुस्तकांना बुरशी येऊ शकते. तिथे पावसाळ्याचे चार महिने ते कोरडे ठेवणेच शहाणपणाचे. उलट विदर्भ, मराठवाडा, दिल्ली, राजस्थान अशा कोरड्या उन्हाच्या प्रदेशात उडणारे पाणी हवेत थोडा गारवा आणते. तरी हे शोभेचे काम आहे, कूलरचे नाही, हे लक्षात ठेवावे.

पाणी आणि वीज एकत्र

कारंज्यातला पंप कूलरमधल्या पंपाचाच भाऊ. कूलरच्या पाण्यात हात घालताना विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या विदर्भातल्या वाचकांना नव्या नाहीत. त्यामुळे इथे काटकसर नको. अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग आणि त्या सर्किटवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी असायलाच हवा. विजेची गळती होताच तो क्षणात प्रवाह तोडतो. शक्य असेल तर १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा पंप घ्यावा आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर, कोरड्या जागी ठेवावा.

प्लगचा सॉकेट कुंडाच्या काठापेक्षा वर आणि एका बाजूला असावा. वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटात न शिरता खालीच ठिबकते. आणि घरातल्या प्रत्येकाला एक नियम पाठ हवा: प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोटही घालायचे नाही.

पंपाच्या खोक्यावर कमाल उंची लिहिलेली असते. त्या आकड्याने अनेकजण फसतात. कमाल उंची १.२ मीटर याचा अर्थ पाणी तिथवर जेमतेम पोचते आणि तिथे धार शून्य होते. कारंजे १.२ मीटर उंच असेल तर पंप २ मीटर किंवा त्याहून अधिक उंचीचा घ्यावा आणि वाटेत एक छोटी तोटी बसवून धार कमीजास्त करावी. विजेच्या बिलाची चिंता मात्र नको. १८ वॉटचा पंप रोज सहा तास चालला तरी महिन्याला सव्वातीन युनिटच्या आसपास वीज लागते.

वीज गेली की काय होते, हेही विकत घेतानाच विचारावे. पंप थांबताच दगडावरचे आणि नळीतले सगळे पाणी एकदम खाली येते. कुंड काठोकाठ भरलेले असेल तर ते थेट सतरंजीवर! म्हणून कुंड पुरेसे मोठे असावे आणि ते दोन-तृतीयांशच भरावे. दुकानदाराला दुकानातच कारंजे चालू करून बटण बंद करायला सांगावे. अर्ध्या मिनिटात परीक्षा होते.

आता दगडाची पारख

महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हारसापासून झालेल्या काळ्या पाषाणाचा. त्यामुळे स्लेट बाहेरून येते. राजस्थान, हरियाणातले कुंड, हिमाचलमधला कांगडा आणि आंध्रातले मार्कापूर ही तिची ठिकाणे. कांगड्यात तर घरांची छपरेही स्लेटची असतात. चिखलाचे थर लाखो वर्षे दाबले, तापवले गेले की हा दगड तयार होतो आणि पुस्तकाच्या पानांसारखा पदरापदराने सुटतो. याच पदरांमुळे त्याला तो नैसर्गिक खडबडीतपणा येतो.

बाजारात काळा कडप्पा स्लेट म्हणून गळ्यात मारला जाण्याचा संभव असतो. स्वयंपाकघराच्या ओट्याचा कडप्पा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड. ओळखायला एक लिंबू पुरे. दगडाच्या कोपऱ्यावर दोन थेंब पिळून दहा-पंधरा मिनिटांनी पुसावे. चुनखडीच्या दगडावर फिकट डाग उमटतो, स्लेटवर सहसा उमटत नाही. हे महत्त्वाचे अशासाठी, की कारंज्यावर साचलेले पांढरे क्षार काढायला पुढे लिंबू किंवा व्हिनेगरच लागणार आहे. ते ज्याला सोसत नाही, तो दगड कारंज्याला निरुपयोगी.

दुसरी परीक्षा कानाची. फरशी उभी धरून बोटाच्या पेराने टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला तर फरशी अखंड, बद्द आवाज आला तर आत चीर आहे असे समजावे. तिसरी परीक्षा वजनाची. एक किलोचा सुटा तुकडा मागून घ्यावा. दिवसभर पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा काट्यावर ठेवावा. वजन चार-पाच ग्रॅमपेक्षा जास्त वाढले तर दगड पाणी पितो. त्याचे पापुद्रे पुढे सुटतील. चौथी डोळ्याची. सोनेरी चमकणारे बारीक कण दिसले तर ते लोहमाक्षिकाचे असू शकतात. पाण्याने ते गंजतात आणि दगडावर तांबूस ओघळ उमटतात. काहींना तो रंग आवडतोही, पण तो आपण निवडलेला असावा, नंतर उगवलेला नसावा.

बसवताना

फरशी कापायची असेल तर कारखान्यात किंवा दुकानातच मापाने कापून आणावी. स्लेटमध्ये क्वार्ट्झ असते आणि कोरडी कापताना उडणारी धूळ फुप्फुसांत जाऊन बसते. मध्य प्रदेशातल्या मंदसौर भागात पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या अनेक कामगारांना याच धुळीने सिलिकोसिस झाला. हा आजार बरा होत नाही. एका दिवसाच्या कामाने तो होतो असे नाही, पण कारागीर तर रोजच हे काम करतो. घरीच कापणे भाग असेल तर उघड्यावर, पाण्याची धार सोडून आणि मास्क लावूनच कापायला सांगावे. मुलांना दूर ठेवावे. कारागीर मास्क नको म्हणाला तरी आग्रह घरच्यांनी धरावा.

दगड अगदी काटकोनात उभा न लावता वरचे टोक किंचित मागे कलते ठेवावे. त्यामुळे पाणी दगडाला धरून उतरते, अंगावर उडत नाही. वरची छिद्रांची नळी किंवा पाणी सांडण्याची कड स्पिरिट लेव्हलने तंतोतंत आडवी करावी. इथे थोडाही फरक पडला तर सगळे पाणी एकाच बाजूने वाहते आणि उरलेला अर्धा दगड कोरडा राहतो. फरशांच्या सांध्यांत साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सीचा भरणा करावा, कारण सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर झिरपून दगडावर पांढरे पट्टे उमटवतो. पंपाखाली रबराचा तुकडा ठेवला की गुणगुण कमी होते. पंप साफ करायला हात सहज पोचेल अशी जागा सोडणे तर फारच आवश्यक. पुष्कळ सुंदर कारंजी बंद पडलेली दिसतात, ती दगड न फोडता पंप बाहेर काढता येत नाही म्हणून!

रांगते मूल घरात असेल तर उघडे कुंड ठेवू नये. थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकते. कुंडावर मजबूत जाळी बसवून तिच्यावर नदीचे गोटे पसरावेत. दिसतेही छान.

आठवड्याचा नेम

कारंज्यात कोणते पाणी घालावे? बोअरवेलचे जड पाणी दगडावर लवकरच पांढरा थर चढवते. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी काटकसर म्हणून वापरण्याचा मोह होतो, पण त्यात क्षार आणखी जास्त असतात. त्यापेक्षा एअर कंडिशनरच्या नळीतून ठिबकणारे पाणी साठवावे. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि ते फुकट मिळते. ते पिण्याचे मात्र नाही, म्हणून घरात कुत्रा-मांजर असेल तर साधे गाळलेले पाणीच घालावे. पाणी रोज थोडे उडून जाते. पंप कोरडा चालला तर जळतो, म्हणून पातळीवर नजर हवी.

खरा प्रश्न डासांचा. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा कुंड पूर्ण रिकामे करायलाच हवे. नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही. ही अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर कुंडाच्या कडांना चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून कडा आणि गोटे ब्रशने घासून काढावेत. पाणी खेळते असताना धोका कमी असतो, कारंजे बंद असताना वाढतो. मे महिन्याच्या सुटीत सगळे कुटुंब गावी जाते तेव्हा कुंड पूर्ण कोरडे करून, पुसून, मगच कुलूप लावावे.

पाणी शिळे राहण्याचा आणखी एक धोका आहे. लीजनेला नावाचा जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर श्वासात जाऊन न्यूमोनियासारखा आजार करतो. २०१० साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका रुग्णालयातल्या अशाच शोभेच्या पाण्याच्या भिंतीतून ८ जणांना त्याची बाधा झाली होती. घरच्या छोट्या कारंज्याने घाबरून जायचे कारण नाही, पण त्यातून बोध घ्यावा. पाणी उन्हात किंवा तापणाऱ्या दिव्यांखाली गरम होऊ देऊ नये. दिवे एलईडीचे लावावेत. धार दगडाला धरून उतरणारी असावी, तुषार उडवणारी नको. दम्याचे रुग्ण, वयोवृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती घरात असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या खोलीत कारंजे लावू नये.

साफसफाईला अर्धा तास पुरतो. प्लग काढावा, पाणी उपसून झाडांना घालावे, कडा घासाव्यात, पंपाची जाळी धुवावी, दगडावरून व्हिनेगरमिश्रित पाण्याचे फडके फिरवून नंतर साध्या पाण्याने पुसावे. व्हिनेगरचे पाणी झाडांना घालू नये. कपडे धुण्याची पावडर कुंडात टाकू नये, नाहीतर पुढचे दोन दिवस कारंज्यातून फेसच येतो. वर्षातून एकदा दगड पूर्ण वाळवून त्यावर सीलरचा हात द्यावा.

हा अर्धा तास कोणाचा?

कारंजे घेण्याची हौस घरातल्या सगळ्यांची असते. पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवण्यात घरचे पुरुष पुढे असतात, बटण दाबायला मुले धावतात. गोटे घासण्याची वेळ आली की मात्र ते काम न बोलता गृहिणीच्या वाट्याला जाते. ओटा, देवघर, पाण्याची पिंपे, कुंड्या यांच्या यादीत एकाची भर. तिला वेळ मिळाला नाही की कुंड हिरवे पडते, मग पंप अडकतो आणि शेवटी त्या कोरड्या कुंडात वर्तमानपत्रे आणि किल्ल्या ठेवल्या जातात.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी सगळ्यांनी एकत्र बसून एकच गोष्ट ठरवावी. रविवारी सकाळी हे कुंड कोण घासणार? ज्याला ते हवे आहे त्याने हे काम अंगावर घ्यावे, किंवा पाळ्या लावून घ्याव्यात. कोणीच पुढे येत नसेल तर भिंतीवरच्या कारंज्याऐवजी एका ताटात मावेल असे छोटे टेबलावरचे कारंजे आणावे. त्यातही स्लेटचे दोन-तीन तुकडे एकावर एक रचता येतात. ते उचलून मोरीत नेता येते, पाच मिनिटांत धुऊन होते आणि भिंतीला छिद्रही पाडावे लागत नाही. झुळझुळ तेवढीच गोड येते. हे छोटे कारंजे एक पावसाळाभर नेमाने स्वच्छ राहिले, तर पुढच्या दिवाळीत खुशाल मोठ्या कारंज्यासाठी भिंत मोजावी.